अर्धी गार खोली

अप्पा गेले त्याच्या आदल्या दिवशी, रविवारी, त्यांनी घरातल्या सगळ्यांना एकेक करून गच्चीवर बोलावलं आणि आधी खोलीच्या डाव्या अंगाला, मग उजव्या अंगाला उभं केलं.

गच्चीवरची ती खोली म्हणजे त्यांचा कारखाना. निवृत्त झाल्यापासून ते तिथे पेट्या दुरुस्त करत. भजनी मंडळांच्या, गाण्याच्या क्लासांच्या, कधी एखाद्या मठातल्या जुन्या हार्मोनियम. भिंती विटांच्या, वर पत्रा. ही खोली चढवली तेव्हा जयनगरात भर दुपारी पत्र्याखाली स्वेटर घालून बसावं लागे, असं ते सांगत. स्वेटर जरा जास्तीचा असावा, पण पंखा नव्हता हे खरं. आमच्या गल्लीत पंखा नसणं ही प्रतिष्ठेची बाब होती. ज्यांनी पुढे बसवले तेही पाहुणे आले की पंखे बंद करत.

त्या उन्हाळ्यात गल्लीत पाण्याचे टँकर यायला लागले होते. शेजारचे नागराज अण्णा टँकरच्या रांगेत उभे राहून गळ्यातल्या टॉवेलने मान पुसत आणि म्हणत, "काही म्हणा, बेंगळूरुची हवा ती हवा."

अप्पांनाही हवेबद्दल वाईट बोललेलं खपत नसे. आपल्याला उकडतं असं ते कधी म्हणाले नाहीत. "पेटीला त्रास होतो," म्हणत. त्यात तथ्य होतं. उन्हाळ्यात लाकूड आक्रसतं आणि भात्याचा वारा गळतो, पावसाळ्यात तेच फुगतं आणि पट्ट्या अडकतात. दुपारच्या उकाड्यात लावलेला सूर संध्याकाळी जागेवर राहत नाही. पंखा लावावा तर त्याच्याखाली प्रत्येक सूर थरथरल्यासारखा ऐकू येतो. म्हणून बारा महिने एकसारखी राहील अशी खोली करायची, असं त्यांनी ठरवलं. पत्र्याखाली चार बोटं जागा सोडून थर्माकोल, त्याच्याखाली प्लायवूड. थर्माकोल विकत आणायचा नाही असा नियम होता. "हवा इतकी वर्षं फुकट मिळाली," ते म्हणाले, "ती अडवायला पैसे का मोजायचे?"

त्यामुळे गल्लीत कोणी नवा फ्रीज घेतला की अप्पा दुसऱ्या दिवशी अभिनंदनाला जात आणि येताना खोक्यातला थर्माकोल काखेत मारून आणत. डावीकडचं छत असं तीन फ्रीज आणि एका मोठ्या टीव्हीवर पूर्ण झालं. मग गल्लीची खरेदी थांबली आणि उजवीकडे पत्रा उघडाच राहिला.

"आता सांग," रविवारी ते आईला म्हणाले. "इथं कसं वाटतं, आणि इथं कसं?"

"मला दोन्हीकडे उकडतंय," आई म्हणाली. "डाळ लागेल, मी जाते."

नागराज अण्णा दोन्हीकडे डोळे मिटून उभे राहिले. "डावीकडे स्वल्प गार आहे, सर."

"स्वल्प म्हणजे किती?"

"स्वल्प म्हणजे स्वल्प."

माझी पाळी आली. मी म्हटलं, फरक आहे, थोडा आहे. त्यावर ते म्हणाले, थोडा म्हणजे किती हे नेमकं सांगता आलं पाहिजे, सुराचं सांगतेस तसं. मग आम्ही दोघं येलहंक्याच्या भजनी मंडळातल्या गुंडोकाकांची पेटी लावायला बसलो. डावीकडे, अर्थात.

आमची कामाची पद्धत ठरलेली होती. अप्पा भाता मारत आणि एक पट्टी दाबून धरत. दोन सूर जुळलेले नसले की त्यांच्यामध्ये एक लाट ऐकू येते. जुळत आले की ती संथ होत होत विरते. पितळी रीड टोकाशी घासली की सूर चढतो, बुडाशी घासली की उतरतो. एवढंच शास्त्र आहे, बाकी सगळा कान.

"हा चढलाय की उतरलाय?" अप्पा मास्तरांसारखे विचारत.

"उतरलाय."

"किती?"

"केसभर."

"बरोबर ओळखलंस. घास टोकाशी."

मी घासायची. ते पुन्हा पट्टी दाबत. "आता?"

"आता जुळला."

"शाब्बास."

वरच्या सप्तकातलं त्यांना ऐकू येणं बंद होऊन चार वर्षं झाली होती. त्याआधी, सुरुवातीला, ही परीक्षा खरी असावी. मला शिकवायचं त्यांच्या मनात होतं. पुढे कधीतरी ती परीक्षा राहिली नाही, पण तिचा साचा तसाच राहिला. ते विचारत, मी सांगायची, ते बरोबर म्हणत. बरोबर आहे की नाही हे फक्त मला माहीत असे. दोघांपैकी कोणी कधी त्याचा उच्चार केला नाही. खाली कोणी विचारलं तर ते म्हणत, "शाल्मली असते मदतीला, पाने-स्क्रू हातात देते." मी कंपन्यांसाठी यंत्रांची माहितीपुस्तकं लिहिते. पाने-स्क्रू माझ्या नावाला शोभत असत.

सोमवारी सकाळी अप्पा उठले नाहीत. झोपेतच, असं डॉक्टर म्हणाले.

*

समाचाराला येणाऱ्या माणसाची मोठी अडचण असते. त्याला चहा द्यायचा नसतो, त्याने "येतो" म्हणायचं नसतं, आणि मधल्या वेळात काय बोलायचं हे कोणी सांगून ठेवलेलं नाही. कसं झालं, एवढं विचारून होतं. झोपेत, म्हटलं की तेही संपतं. मग जो तो पंख्याकडे बघतो. आमच्याकडे पंखाही नव्हता.

ही अडचण माझ्या धाकट्या भावाने, रणजीतने सोडवली. तो होसकोटेच्या बाजूला एका मोठ्या सोसायटीत राहतो. तिथं खिडक्या काचेच्या आहेत आणि उघडत नाहीत. पहिल्या दिवशी गल्लीतले चौघे येऊन नुसते बसले तेव्हा तो एकदम उठला आणि म्हणाला, "चला, अप्पांनी वर काय करायला घेतलं होतं ते दाखवतो."

तो त्यांना गच्चीवर घेऊन गेला. डावीकडे उभं केलं. मग उजवीकडे.

"फरक जाणवतो," पहिला माणूस म्हणाला आणि त्याने हात जोडले.

तेव्हापासून तो प्रघातच पडला. लोक यायचे, आईपुढे क्षणभर बसायचे, आणि मग गच्चीच्या जिन्याकडे आपसूक बघायचे. वर जाऊन यायचे, खाली येऊन गंभीरपणे म्हणायचे, "हो, फरक जाणवतो." दार सताड उघडं, माणसांची ये-जा, दोन्हीकडे सारखंच तापलेलं. पण मेलेल्या माणसाच्या छताला नाही कोण म्हणणार? एक बाई तर उजवीकडे उभ्या राहूनच फरक जाणवतो म्हणाल्या. त्यांना कोणी सरकवलं नाही.

आणि मग सल्ले सुरू झाले. अप्पांबद्दल बोलायला प्रत्येकाकडे दोन वाक्यं होती. उष्णतेबद्दल प्रत्येकाकडे अर्धा तास होता.

नागराज अण्णांचं मत, थर्माकोल काढून नारळाच्या काथ्याचे पत्रे लावावेत. त्यांच्या मेव्हण्याचा तोच धंदा होता. एका निवृत्त इंजिनियरांनी खिशातून पेन काढलं, कागद मागितला आणि आईच्या समोर उन्हाच्या कोनाची आकृती काढली. अहल्या आत्या बेळगावहून रात्रीच्या गाडीने आली, भावाच्या फोटोसमोर रडली, तोंड धुतलं, वर गेली आणि खाली येऊन म्हणाली, "कसला थर्माकोल घेऊन बसलाय गं? उंदीर घरं करतील त्यात. भोपळ्याचा वेल चढव की पत्र्यावर. आमच्या गोठ्यावर हाय बघ, म्हस सुद्धा बाहेर यायला तयार नसते."

"आत्या, वर पेट्या आहेत. म्हैस नाही," मी म्हटलं.

"मग तर काय, पेटीला शेण बी काढावं लागत नाही."

आई त्या दिवसांत पहिल्यांदा हसली. आत्याने ते पाहिलं आणि मग रोज वेलाचा विषय काढू लागली.

अद्वैत चौथ्या की पाचव्या दिवशी आला. तो पुण्याचा, इथं आयटीत, आणि आमच्या भागातल्या मराठी मंडळाचा सचिव. गणपतीत अप्पा मंडळाची पेटी फुकट लावून देत असत. त्याने आईला वाकून नमस्कार केला.

"काकू, खरंच शॉकिंग होतं. म्हणजे काका इतके ॲक्टिव्ह होते ना. लास्ट मंथमध्येच मला म्हणाले, अद्वैत, घरी फ्रीज घेतलास का?"

तो वर गेला तो बराच वेळ आलाच नाही. खाली आला तेव्हा त्याच्या डोळ्यांत पाणी होतं आणि हातात मोबाइल. त्याने खोली मापून घेतली होती.

"रणजीत, अरे ॲमेझिंग स्पेस आहे. काका हीट इन्सुलेशन करत होते, पण त्यांनी नकळत हाफ साउंडप्रूफिंग केलंय! आपण ते कम्प्लीट करू. ग्लासवूल, डबल डोअर, एक सायलेंट एसी. मंडळाचा स्टुडिओ. 'वासुदेवकाका स्मृती ध्वनिकक्ष'. पॉडकास्ट, मुलांची मराठी गाणी, सगळं तिथं."

थर्माकोल आवाज अडवत नाही. हे मी माहितीपुस्तकांत निदान तीनदा लिहिलं असेन. पण रणजीतचा चेहरा पहिल्यांदाच उजळला होता.

"अप्पांचं अपूर्ण काम पूर्ण होईल," तो म्हणाला.

हे वाक्य त्याला फार आवडलं. मग ते प्रत्येक समाचाराला यायला लागलं. पाहुणे डावीकडे उभे, उजवीकडे उभे, आणि रणजीत मध्ये उभा राहून सांगतोय, अप्पांचं अपूर्ण काम. त्याला ही खोली आठवड्यातले दोन दिवस ऑफिसचं काम करायलाही वापरता येणार होती. हे त्याने मला वेगळं, हळू आवाजात सांगितलं. त्याचं दुःख खोटं होतं असं मी म्हणणार नाही. एका दुपारी मी वर गेले तेव्हा तो एकटाच डाव्या छताखाली उभा होता, तळहात वर करून प्लायवूडला टेकवून. मी पायरी न वाजवता परत आले.

"आणि पेट्या?" मी त्याला संध्याकाळी विचारलं. वर सात-आठ पेट्या होत्या, काही उघडलेल्या, काही नुसत्या येऊन पडलेल्या.

"ज्याच्या त्याला परत करू. आता कोण लावणार आहे, अक्का?"

तो माझ्या तोंडाकडे बघत होता. त्याने प्रश्न विचारला नव्हता, नुसतं दुःख व्यक्त केलं होतं. माझ्या जिभेवर उत्तर होतं. ते दिलं असतं तर खोली राहिली असती. पण मग खालच्या खोलीत फोटोजवळ बसून जे लोक अप्पांच्या कानाबद्दल बोलत होते, ते दुसऱ्याच कशाबद्दल बोलू लागले असते.

आणि बोलत तर होतेच. येलहंक्याचे गुंडोकाका आले. हे मूळचे निपाणीचे, एका भजनी मंडळाचे म्होरके, वय सत्तरीच्या पुढे, स्वभावाने खवट. सगळं आयुष्य त्यांनी पेटीवाल्यांना शिव्या देण्यात घालवलं होतं. ते आईला म्हणाले, "वहिनी, खरं सांगू? पूर्वी वासुदेव लावायचा ती पेटी बरी असायची. वाईट नाही म्हणणार. पण ही अलीकडची चार वर्षं! वय झालं की माणसाचे कान जातात, याचे आले. वरचा षड्ज असा लागायचा की माझ्या अंगावर काटा यायचा."

"हो का," आई म्हणाली आणि पदर सारखा केला.

"शेवटी शेवटी तर तो हात दैवी झाला होता."

मी पाण्याचा तांब्या उचलून स्वयंपाकघरात गेले. आयुष्यात कोणी माझ्या कामाची इतकी स्तुती केली नव्हती, आणि ती मला उभ्याने ओट्याशी, बेसिनचा नळ सोडून ऐकावी लागली.

आई मागून आली. तिने नळ बंद केला. "टँकरचं पाणी आहे," ती म्हणाली.

मग म्हणाली, "त्यांना कुकरची शिट्टी ऐकू येत नव्हती. वरचा सूर काय ऐकू येणार होता?"

मी वळून बघितलं. "तुला माहीत होतं?"

"मी त्यांच्या मागे उभी राहून त्यांना काय काय बोलून घेतलंय, तुला कल्पना नाही. एकदाही वळले नाहीत."

"मग कधी म्हणाली नाहीस?"

"तू म्हणालीस? ते म्हणाले? तुम्ही दोघं वर बसून नाटक करत होता आणि दोघांनाही आवडत होतं. मी कशाला पडदा पाडू?" तिने तांब्या पुसला. "आता मात्र तुझी कठीण वेळ आहे. बोललीस तर त्यांचं नाव जातं, नाही बोललीस तर खोली जाते."

"तुला काय वाटतं?"

"मला विचारू नकोस. मला दोन्हीकडे उकडतं."

*

तेराव्याच्या गोड जेवणाला गच्चीवर मांडव घातला. खोलीच्या दाराला झेंडूची माळ होती. ती अद्वैतने आणली होती. खोलीतल्या पेट्या बाहेर काढून भिंतीशी ओळीने मांडल्या होत्या, प्रत्येकीवर मालकाच्या नावाची पट्टी चिकटवून. सुतार दुसऱ्या दिवशी सकाळी येणार होता, ग्लासवूलच्या, म्हणजे काचेच्या तंतूंच्या, गुंडाळ्या आदल्या संध्याकाळीच आल्या होत्या आणि जिन्यात अडकून बसल्या होत्या. जेवायला वर येणारा प्रत्येक माणूस त्यांना वळसा घालून, अंग चोरून येत होता आणि आल्या आल्या अंग खाजवत होता. उकाडा असा होता की श्रीखंडाला पाणी सुटलं. कोणी त्याबद्दल बोललं नाही. नागराज अण्णा एकदाच म्हणाले, "आज स्वल्प जास्ती आहे," आणि लगेच, "पण रात्री बघा, गार होणार."

पाहुण्यांची पंगत उठली आणि आम्ही घरच्या बायका जेवायला बसलो तेव्हा काहीजण सवयीने खोलीत गेले, डावीकडे आणि उजवीकडे उभे राहून आले. अद्वैतने ताटावर चमचा वाजवला.

"मी फक्त दोन मिनिटं घेतो. काकांचा कान म्हणजे, आय मीन, असा कान आता होणे नाही. ही खोली आपण त्या कानाला डेडिकेट करतोय. इथं बाहेरचा एकही आवाज आत येणार नाही."

"आतला बाहेर जाईल का?" आत्याने मोठ्याने विचारलं.

"नाही आत्या, तोही नाही."

"मग कळणार कसं काय चाललंय ते?"

लोक हसले. रणजीतही हसला. तो उठून उभा राहिला, घसा साफ केला आणि म्हणाला, अप्पांनी घेतलेलं काम आम्ही पुरं करतोय. पेट्या लावणारा हात गेला, पण खोली राहील. ज्यांच्या पेट्या आहेत त्यांनी आज घेऊन जाव्यात, उरलेल्या उद्या टेम्पोने पोचवू. अद्वैतने त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

गुंडोकाका उठले. त्यांनी भिंतीजवळची आपली पेटी शोधली, झाकण उघडलं आणि वाकून आत पाहिलं. दोन रीड काढून तेलकट कापडात गुंडाळून ठेवलेल्या होत्या, रविवारी जिथे आम्ही थांबलो होतो तिथे.

"अर्धीच राहिली," ते म्हणाले. "राहू दे. आता ही दुसऱ्या कुणाच्या हातात देणार नाही. घरात देवापुढे ठेवीन, वाजवणार नाही. वासुदेवचा शेवटचा हात लागलाय तिला."

त्यांनी झाकण लावलं, पेटी दोन्ही हातांनी उचलली आणि कमरेशी धरली. म्हातारा माणूस, ओझं पेलवत नव्हतं. दोघेजण मदतीला धावले तर त्यांनी मान हलवून नको म्हटलं. जिन्याकडे जाणारी वाट माझ्या पाटाजवळून होती. सगळे त्यांच्याकडे बघत होते, डोळे भरून. मला दिसत होतं की पुढे काय होणार. ती पेटी येलहंक्यात एका कोनाड्यात बसेल, तिच्यावर हळदकुंकू पडेल आणि तिचा भाता उंदीर खातील. बाकीच्या पेट्या टेम्पोतून जातील. उद्या सुतार येईल. आणि पुढल्या वर्षी कोणीतरी मला त्या खोलीत, एसीखाली, माइकसमोर बसवून विचारेल, वडिलांच्या आठवणी सांगा. पाने-स्क्रू देत होतात ना तुम्ही?

मी आईकडे पाहिलं. ती तिच्या पानातली कोशिंबीर नीट एका बाजूला करत होती.

मी उठले. हात उष्टे होते, तशीच गुंडोकाकांच्या वाटेत उभी राहिले.

"बाजूला हो बाळ," ते म्हणाले, "जड आहे."

"खाली ठेवा, काका."

"अगं, काय झालं?"

"अक्का?" रणजीत म्हणाला. "काय करतेस?"

माझा आवाज मोठा निघाला, आणि मांडवाच्या पार टोकाला बसलेल्यांनीही माना वर केल्या.

"पेटी खाली ठेवा. ती देवापुढे ठेवायची नाही, वाजवायची आहे. दोन रीड राहिल्यात, त्या मी बसवते. अप्पांना वरचे सूर ऐकू येत नव्हते. चार वर्षं सगळ्यांच्या पेट्या मी लावत होते. आणि ही खोली मला पाहिजे."